ठळक अक्षरातली पत्रं

माझ्या इनबॉक्समध्ये न उघडलेली नऊ हजारांच्या वर पत्रं साठली आहेत, हे मी नेल्डाला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग उघड की." लग्नाला चाळीस वर्षं झाली की बायकांना नवऱ्याची कुठलीही अडचण तीन शब्दांत सोडवता येते. मी पुढे काही बोललो असतो, पण तिच्या हातात सुरी होती आणि मी स्वभावानं शांत माणूस आहे.

शांत आहे, पण शिस्तीचा आहे. निवृत्त होईपर्यंत मी शाळा-तपासनीस होतो. नदीकाठच्या आमच्या जिल्ह्यात अशी शाळा नाही, जिच्या हजेरीपटावर माझ्या लाल शाईचा शेरा नाही. एका बाईंना तर माझी गाडी फाटकात दिसताच भोवळ आली होती, आणि त्या गोष्टीचा मला अनेक वर्षं, आता सांगायला हरकत नाही, अभिमान होता. अशा माणसाच्या स्वतःच्या दप्तरावर रोज सकाळी चार आकडी थकबाकी झळकावी! संगणक लावला की तो आकडा माझ्याकडे बघायचा आणि मी दुसरीकडे बघायचो.

नुसत्या अब्रूचा प्रश्न असता तर मी तसाच दिवस काढले असते. अब्रू काय, पेन्शनीत गेल्यावर तशीही कमीच लागते. पण त्या ढिगात कुठेतरी मला आईची तारीख शोधायची होती.

आईला जाऊन चार वर्षं होत आली होती. आमच्याकडे माणूस गेलं की शवपेटी आधी दफनभूमीच्या भिंतीतल्या, नगरपालिकेच्या भाड्याच्या कोनाड्यात ठेवतात. काही वर्षांनी तो कोनाडा पुढच्याला लागतो. मग घरच्यांना बोलावतात, त्यांच्यासमोर अस्थी काढून लहान पेटीत भरतात, आणि ती पेटी घराण्याच्या कायमच्या कोनाड्यात जाते. दिलेल्या दिवशी घरचं कुणी हजर नसलं, तर अस्थी सामायिक कुंडात. एकदा कुंडात गेलं की कोण कुणाचं, हे देवालासुद्धा निवडता येणार नाही.

आईनं शेवटच्या आजारात मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, टोमॅटोच्या रोपांना संध्याकाळी पाणी घालायचं. दुसरी, "मला तुझ्या बाबांच्या उजव्या हाताला ठेव. डावीकडे तुझी आत्या आहे. त्या बाईला मी जन्मभर एका टेबलावर सोसलं. निदान मधे तुझे बाबा असू देत." रोपं दुसऱ्याच उन्हाळ्यात गेली. तेव्हा उरलेली एक गोष्ट तरी धड करायची, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. शिवाय धाकटी बहीण सुल्मा. ती स्पेनमध्ये वालेन्सियाला असते. आईच्या अंत्यविधीला तिला येता आलं नव्हतं आणि ते शल्य ती दर रविवारी फोनवर मलाच टोचायची. "तारीख कळली की त्याच मिनिटाला मला सांग, एल्बिओ. या वेळी मी येणार म्हणजे येणार. तुझा घोळ नको."

तारीख कळणार होती ईमेलनं. नगरपालिकेनं दफनभूमीची खिडकी बंद केली होती आणि तिथे एक शोभेचं झाड ठेवलं होतं.

आता एका निवृत्त माणसाला नऊ हजार पत्रं लिहितं कोण, असं कुणीही विचारील. मला लिहीत कुणीच नाही. पूर्वी आमच्या गल्लीत एकच टेलिफोन होता, बेकरीवाल्या पिरिसकडे. सगळी गल्ली सगळीकडे त्याचाच नंबर द्यायची आणि पिरिस पिठाच्या हातांनी दारोदार निरोप पोचवायचा. तो मान पुढे माझ्याकडे आला. दवाखान्यात, वीज कंपनीत, बँकेत, जिथे म्हणून "ईमेल सांगा" असा प्रश्न आला, तिथे आमच्या गल्लीतल्या यच्चयावत म्हाताऱ्यांनी एकच उत्तर दिलं: "मास्तरांचा लिहा." मला आधी बरं वाटलं. माणसाला नोकरी सुटल्यावर कुणी विचारलं की बरंच वाटतं. बघता बघता शेजारच्या निबियाबाईचा, म्हणजे डोन्या निबियाचा, रक्ततपासणीचा अहवाल, समोरच्या वॉल्टरच्या बसचालक संघाची परिपत्रकं, गोळे टाकायच्या खेळाच्या बोचास क्लबची वर्गणी, चर्चची सोडत, सगळं माझ्या दारात. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. कुणीतरी एक गादी घेताना माझा पत्ता दिला, तेव्हापासून तो गादीवाला मला रोज सकाळी लिहितो. मला झोप कशी लागली, ही चौकशी जगात तोच एक करतो.

गल्ली रोज फिरायला निघे ती माझ्या खिडकीवरून. बगलेत गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाच्या कडवट चहाचा पेला.

"मास्तर, माझं काही आलं का?" वॉल्टर.

"संघाची सभा आहे."

"मी जाणार नाही. ठेवा तसंच."

डोन्या निबिया जास्त वेळ थांबायची. औषधांच्या दुकानदाराची विधवा, ताठ बाई, केस कायम बांधलेले. "माझी साखर आली का हो, मास्तर?" मी साखर सांगायचो. "आणि आणखी काही?" मी वरवर खाली सरकवून म्हणायचो, "आणखी काही नाही, डोन्या." ती मान हलवून जायची.

"ठेवा तसंच" यातच खरी गोम होती. माझी एक पद्धत होती. पत्र वाचून झालं, पण त्यात काही काम शिल्लक असलं, तर मी ते पुन्हा न वाचलेलं करून ठेवायचो. म्हणजे ते ठळक अक्षरात राहतं आणि डोळ्याला टोचत राहतं. पद्धत निर्दोष होती. फक्त आमच्या गल्लीत कुणाचंच काम कधी पूर्ण होत नाही, एवढं मी धरलं नव्हतं. आणि कार्यालयाचा कागद फाडायचा नाही, हा तपासनिसाचा धर्म, म्हणून पुसून टाकणं आलं नाही. मी सकाळपासून दुपारच्या झोपेपर्यंत मान मोडून पत्रं उपसायचो आणि संपताना आकडा सकाळपेक्षा मोठा असायचा.

बरं, काही शोधायचं तर शोधण्याची चौकट आहे, हे मलाही माहीत आहे. मी "दफनभूमी" शोधलं. एक पत्र आलं, गादीवाल्याचं. "चिरनिद्रेसारखी झोप" असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं. मी "अस्थी" शोधलं, तर निबियाच्या गुडघ्याचा फोटो निघाला.

गल्लीत ही बातमी पसरली आणि उंटावरचे शहाणे गोळा झाले. वॉल्टर म्हणाला, "सगळं पुसून टाका. ज्याला खरी गरज असेल तो परत लिहील. मी बस चालवताना हेच केलं. थांब्यावर ज्याला खरंच चढायचंय तो पळत येतो."

"आणि म्हातारी माणसं?" नेल्डानं विचारलं.

"ती दुसऱ्या बसनं येतात."

बोचास क्लबच्या खजिनदारानं सुचवलं की सगळी पत्रं छापून काढावी आणि टेबलावर गठ्ठे लावावे. निबिया म्हणाली की हरवलेल्या वस्तूंसाठी तिच्याकडे एक संत आहे, पण तो किल्ल्यांचं बघतो, ईमेलचं बघतो की नाही हे पाद्र्याला विचारायला हवं. नेल्डाचा भाऊ दार्दो तेवढा काही बोलला नाही. तो नुसता हसला. दार्दोनं आजवर पाण्याचे पंप विकले, कोंबड्या पाळल्या, मध्यंतरी संगणकाचा एक वर्ग केला, आणि तेव्हापासून तो जगाकडे हसून बघतो. त्याचं हसू मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

शेवटी मी म्हटलं, सरळ नगरपालिकेत जावं. माणसाशी माणसानं बोलावं. गुरुवारी सकाळी दाढी केली, कोट घातला, नंबराचा कागद घेतला आणि नवाला बाकावर बसलो. माझ्या पुढे बरेच जण होते. नळाचे, कुत्र्यांच्या परवान्याचे, एक तर नुसताच थंड हवेत बसायला आलेला. अकरा वाजत आले तेव्हा माझी पाळी आली. खिडकीमागे एक तरुण बाई होती, नम्र, नखं निळी.

"दफनभूमी विभाग?" मी विचारलं.

"तसा विभाग नाही, मास्तर."

"मग गावात माणसं पुरतं कोण?"

"हिरवी क्षेत्रं आणि नागरी सेवा." तिनं माझ्या आईचं नाव टाकलं आणि तिचा चेहरा खुलला. "तुमचं झालंय की! समोर 'कळवले' असं आहे."

"काय कळवले?"

"तारीख."

"कुठली तारीख?"

"ती पत्रात असेल. इथे फक्त 'कळवले' दिसतं."

"बाई, तुम्ही कुणाला तरी विचारून मला आत्ता तोंडी सांगा."

"तोंडी सांगायचं बंद झालंय. तोंडी सांगितलं की लोक नंतर म्हणतात, सांगितलंच नाही."

"पण मला खरंच कळलेलं नाही."

"कळलंय," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "पत्र पोचलं की कायद्यानं कळलंच. तुम्ही उघडलं की नाही, तो तुमचा घरचा प्रश्न."

तीस वर्षं मी याच आवाजात मास्तरणींशी बोललो होतो. नियम आपल्या बाजूचा असला की माणसाचा आवाज किती गोड होतो, हे मला खिडकीच्या या बाजूला उभं राहून पहिल्यांदा कळलं. तरी मी चिडलो नाही. उलट आनंदानं बाहेर पडलो. हिरवी क्षेत्रं! त्यांची पत्रं मला ओळखीची होती. दर आठवड्याला यायची. झाडांची छाटणी, गवताची कापणी, कुत्र्यांची घाण, आणि प्रत्येकावर एकच मथळा: "नागरिकांस सूचना." छाटणीच्या नादात आईचं पत्र मी बाजूला सारत आलो होतो. आता काय, न वाचलेल्या ठळक पत्रांत हिरवी क्षेत्रं शोधायची, फार तर शे-दीडशे निघतील, दुपारपर्यंत तारीख हातात. वाटेत मी सुल्माला निरोपसुद्धा पाठवला: "आज कळवतो. तिकिटाचं बघायला लाग."

घरात शिरलो तर माझ्या संगणकासमोर दार्दो आणि टेबलावर केक.

"दाजी, बसा. आधी बसा. आता बघा."

मी बघितलं. आकडा नव्हता. एवढी वर्षं जिथे तो बसायचा तिथे पांढरी स्वच्छ जागा होती.

"कुठे गेली सगळी?"

"जातील कुठे? तिथंच आहेत. सगळी वाचून झाली."

"कुणी वाचली?"

"कुणीच नाही," दार्दो अभिमानानं म्हणाला. "वाचली अशी खूण केली. सगळ्यांना एकदम. एक बटण, दाजी! तुम्ही इतके महिने डोळे फोडत बसलात."

मी नेल्डाकडे बघितलं. ती म्हणाली, "सारखा कुरकुरत होतास ना? मीच बोलावलं त्याला. केक खा."

न वाचलेली कुठली आणि वाचलेली कुठली, आता सगळी एकसारखी बारीक अक्षरात पसरली होती. माझी पद्धत, माझ्या खुणा, सगळं मुसळ केरात. मी कोट न काढता खुर्चीत बसलो आणि दार्दोला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो दुखावला. "लोकांचं भलं करायला जावं तर हे," म्हणाला आणि केकचा मोठा तुकडा उचलून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला.

आवाज ऐकून वॉल्टर आला, पाठोपाठ डोन्या निबिया. आईचं प्रकरण ऐकल्यावर मात्र कुणी शहाणपणा शिकवला नाही. आमची गल्ली तशी वाईट नाही. निबियानं बाह्या सारून कणीक मळायला घेतली, कारण कुठल्याही संकटात पोटभर तळलेल्या पुऱ्या, म्हणजे तोर्ता फ्रिता, हव्यात असं तिचं मत आहे. वॉल्टरनं खुर्ची ओढून माऊसचा ताबा घेतला. "मास्तर, मी उघडतो, मोठ्यानं वाचतो. तुम्ही फक्त ऐका."

हिरव्या क्षेत्रांची चार वर्षांची पत्रं होती. वॉल्टर सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करून थांबे पुकारावे तशी वाचत गेला. "प्लाझातली जकरांडा, छाटणी. स्टेशनमागचं गवत. घाण उचलली नाही तर दंड. परत जकरांडा." तळणीचा वास सुटला. दार्दोही आत येऊन मागे उभा राहिला. मधेच वॉल्टरचं बोट चुकलं आणि भलतंच पत्र उघडलं. तो त्याच ओघात वाचून गेला, "आई, तू माझा फोन ठेवून देतेस म्हणून मास्तरांच्या पत्त्यावर लिहितोय. माझं चुकलं. नाताळला ये. नाही आलीस तर मी समजेन की..." तिथे तो थांबला.

कढईत तेल चुरचुरत होतं. निबियाचा मुलगा राजधानीत असतो आणि घराच्या वाटणीवरून तीन वर्षं त्यांचं बोलणं बंद आहे, हे गल्लीला ठाऊक होतं. माफी मागत नाही म्हणून ती त्याला दगड म्हणायची.

"तारीख काय आहे त्याची?" निबियानं विचारलं.

वॉल्टरनं खाली मान घालून सांगितली. दोन नाताळ मागची.

"मी तुम्हाला रोज विचारायची, मास्तर," निबिया म्हणाली. "आणखी काही आलंय का, म्हणून रोज विचारायची." तिनं हात पुसले, कढईखालचा गॅस बंद केला आणि निघून गेली. मी उठलो होतो, पण काय म्हणणार होतो कोण जाणे. ती इतकी वर्षं माझ्या खिडकीशी साखरेसाठी थांबत नव्हती, एवढं मला कळायला हवं होतं. मला मनापासून लाज वाटली. तपासनिसाला लाज वाटायची सवय नसते, त्यामुळे ती कुठे ठेवावी हेही समजेना.

"वाच पुढे," नेल्डा वॉल्टरला म्हणाली.

तो वाचत राहिला, पण आता आवाज खाली. ऊन खिडकीवरून उतरलं तेव्हा ते सापडलं. जकरांडा आणि डासांची फवारणी यांच्या मधे होतं. शिक्का मारलेल्या कागदाचा नुसता फोटो, म्हणून शोधण्याच्या चौकटीत कधी आलंच नसतं. "नागरिकांस सूचना. दिवंगत एर्मेलिंदा लारोसा यांच्या अस्थी काढण्यासाठी कुटुंबीयांनी गुरुवारी सकाळी दहा वाजता..."

"कुठला गुरुवार?" मी विचारलं.

वॉल्टरनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग परत पडद्याकडे. दार्दोच हळूच म्हणाला, "आजचा, दाजी."

सकाळी दहा वाजता मी कोट घालून नगरपालिकेच्या बाकावर बसलो होतो, तारीख विचारायला. दफनभूमी तिथून पाच गल्ल्या. दार्दोच्या बटणाशी याचा काही संबंध नव्हता, म्हणजे त्याच्यावर ओरडण्याचा आधारही गेला.

वॉल्टरनं गाडी काढली. त्या दिवशी तो एकाही थांब्याला थांबला नाही. आम्ही पोचलो तेव्हा रखवालदार एव्हारिस्तो फाटकाला साखळी घालत होता. माझ्याकडे बघून त्यानं टोपी काढली, तेव्हाच मला समजलं.

"एर्मेलिंदा लारोसा," मी म्हटलं. "सकाळची."

"पुकारलं होतं, मास्तर. नियम आहे, नाव मोठ्यानं पुकारायचं. एकदा कोनाड्यापाशी, एकदा वाटेवर, एकदा फाटकात. कुणी 'हजर' म्हणालं नाही. थोडं थांबलोही. मग दुसरी मंडळी आली त्यांच्या पाळीला."

"मग?"

"मग कुंडात."

"वेगळं काढता येईल?"

भला माणूस होता, त्याला खोटं सांगावंसं वाटलं असणार. "मास्तर, आत अख्खं गाव आहे हो," तो म्हणाला.

मी फाटकाजवळच्या दगडावर बसलो आणि रडलो. कोट, टाय, सगळ्यासकट रडलो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हजेऱ्या तपासल्या, आणि माझ्या आईचं नाव तीनदा पुकारलं गेलं तेव्हा मी गैरहजर. याला कुठला शेरा लिहायचा? वॉल्टरनं थर्मास उघडून येर्बाचा पेला माझ्या हातात दिला आणि बराच वेळ विचार करून म्हणाला, "एका परीनं बरं, मास्तर. तिला सोबत झाली. तिला गप्पांची आवड होती."

"तिला गर्दीचा तिटकारा होता, वॉल्टर."

"हो का?" तो म्हणाला. "मग वाईट झालं."

एव्हारिस्तोनं साखळी सोडली आणि आम्हाला आमच्या घराण्याच्या कोनाड्यापाशी नेलं, कदाचित मला काहीतरी दाखवावं म्हणून. बाबा होते. डावीकडे आत्या होती. उजवीकडची जागा झाडून पुसून ठेवलेली, ती मीच गेल्या महिन्यात माणूस लावून साफ करून घेतली होती. हयातीत आत्या जेवायला आली की घाईनं सगळ्यात चांगली खुर्ची पकडायची. शेवटी बाबा तिच्याच वाट्याला आले. मला हसू आलं, आणि त्या हसण्याचा मला रडण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुल्माचाच फोन आला. वालेन्सियात तेव्हा संध्याकाळ. "काय झालं? आज कळवतो म्हणालास. मी तिकिटं बघून ठेवलीत."

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. बाक, बटण, जकरांडा, तीनदा पुकारलेलं नाव. सांगताना नेल्डा शेजारी बसून माझा हात धरून होती. आणि पलीकडे सुल्मा जी सुरू झाली ती थांबेना.

"एक गोष्ट सांगितली होती आईनं! एक! तू तिथे होतास, एल्बिओ. मी समुद्रापलीकडे भांडी घासत होते आणि तू तिथे होतास! लोकांचे हजेरीपट बघायला वेळ होता, गादीवाल्याला वेळ होता, गल्लीच्या मुताच्या तपासण्या वाचायला वेळ होता, आणि आईचं एक पत्र तुला उघडता आलं नाही? कुंडात! माझ्या आईला कुंडात टाकली! तू मास्तर नाहीस, तू दगड आहेस. बाबा असते तर त्यांनी तुला घरात घेतलं नसतं."

मी ऐकून घेत होतो. खोटं काय होतं त्यात? मी दोनदा "हो" म्हटलं, एकदा "चुकलं" म्हटलं. नेल्डाला ते सहन होईना. तिनं फोन ओढायला हात पुढे केला, मी मान हलवून नाही म्हटलं. बोलू दे. चार वर्षं साठलेलं होतं.

मग सुल्मा थकली. तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "ठेवतेस का?"

"थांब." ती म्हणाली. "ते पत्र कसं होतं रे? वरती काय लिहिलेलं?"

"नागरिकांस सूचना. का?"

"हिरवी क्षेत्रं?"

मला वाटलं, मीच तो शब्द मघाशी बोललो असेन. आठवून बघितलं. बोललो नव्हतो.

"मी पण माझा पत्ता देऊन ठेवला होता तिथे," सुल्मा म्हणाली. "गेल्याच वर्षी. तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून."

"मग?"

"आलं होतं. दोन आठवडे झाले."

नेल्डानं माझा हात सोडला. विचारायची गरज नव्हती, ती आपणहून बोलत होती, आणि मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"आमच्या गावाचं नाव दिसलं आणि मला कळलं कशाचं आहे ते. रोज कामावरून आले की बघायची. वरती होतं. मग खाली खाली जायला लागलं. उघडलं असतं तर यावं लागलं असतं, एल्बिओ. आणि तिथे येऊन ती पेटी उघडताना बघावी लागली असती. मला नाही जमलं. म्हटलं, तू आहेस. तू उघडशील."

बाहेर गल्लीत कुणीतरी माझ्या खिडकीवर टकटक केलं. मी उठलो नाही.

"अजून तसंच आहे?" मी विचारलं.

"तसंच आहे. ठळक." ती लहानपणी चुकल्यावर जशी विचारायची तशी म्हणाली, "आता उघडू का रे?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे तसंच."